दीपाली मोकळी झाली!

"अगं, आपली दीपाली काल वर्गातच मोकळी झाली! आणि मग…"

एवढंच ऐकू आलं आणि लिफ्टचं दार लागलं. फोनवर बोलत होती समोरच्या फ्लॅटमधली सायली.

मी हादरलेच. दीपालीचं तर लग्नसुद्धा झालेलं नाही! तरी डिंकाचे लाडू घेऊन गेले. दारातच सायली पोट धरून हसली. "अहो काकू, बाळंत नाही! मन मोकळं केलं तिने!"

गंगापूर रोडवरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये या दोघी भाड्याने राहतात, मानसशास्त्र शिकतात. दार उघडं दिसलं की मी डोकावते, आणि दर वेळी एक किस्सा घेऊन परतते. आता ऐकून ऐकून जीव दमलाय.

*

त्यांच्या वर्गात प्रत्येकाने आपलं दुःख सगळ्यांसमोर सांगायचं असतं. सायली पहिल्याच तासाला रडली. मॅडम म्हणाल्या, "व्हेरी गुड!"

"रडायचे मार्क मिळतात?"

"इंटर्नल, काकू. अंतर्गत."

"अगोबाई! आमच्या वेळी रडणंच अंतर्गत होतं!"

*

एका मुलाला दुःखच सापडेना. त्याने द्वारका चौकात गाडीवरून पडल्याचं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "अजून खोल जा."

"मॅडम, खड्डा तेवढाच होता!"

*

'वर्गातलं वर्गातच राहील,' असं मॅडम बजावतात. एकीने आईवडिलांचं भांडण सांगितलं. संध्याकाळी शेअर रिक्षात एका अनोळखी पोराने तिलाच विचारलं, "मग, आले का पप्पा घरी?"

पुढे कितीतरी दिवस ती कॉलेजला गेली नाही.

*

दीपाली मात्र गप्पच बसायची. मॅडमनी शेरा मारला, "विद्यार्थिनी बंद आहे."

"बंद? दुकान आहेस का तू?" मी म्हटलं. ती हसली नाही.

सटाण्याकडची पोर. वडिलांचं एक दुखणं आहे, त्याचं नाव मीही इथे घेणार नाही. वर्गात त्यांच्याच गावचा एक मुलगा.

"काकू, बोलले तर ताईचं ठरलेलं लग्न मोडेल. नाही बोलले तर मी नापास."

*

म्हणून लाडू घेऊन गेले त्या दिवशी दारातच सायलीला हळूच विचारलं, "बोलली तरी काय गं?"

"धाकट्या भावाचं. पाटाच्या पाण्यात वाहून गेला, एक चप्पल तेवढी सापडली. अख्खा वर्ग रडला, काकू!"

दीपालीला भाऊ नाही. दोघी बहिणीच.

पाटात गेला तो माझा भाऊ. एकदा चहा पिताना तिला बोलून गेले होते, एरवी कोणाला नाही.

दीपाली आतल्या दारात उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती.

"मॅडम काय म्हणाल्या?" मी विचारलं.

सायली म्हणाली, "म्हणाल्या, इतकं खरं या वर्गात आजवर कोणी बोललं नव्हतं!"