घोड्यांपाशी

माझा धाकटा भाऊ गेला, आणि तो गेला हे मला पुण्यात जागोजागी सिद्ध करावं लागलं. महापालिकेत, बँकेत, त्याच्या ऑफिसात, गॅस एजन्सीत. मोबाईलच्या दुकानातल्या मुलीने तर विचारलं, "ते स्वतः येऊ शकत नाहीत का?" मी म्हटलं, "विचारून बघते." मी स्वतः सरकारी कचेरीत आहे, खिडकीमागच्या माणसाचे हात किती बांधलेले असतात ते मला ठाऊक आहे. तरी त्या दिवसांत मी प्रत्येक खिडकीशी भांडले. घरी आईपुढे रडता येत नव्हतं, म्हणून बाहेर भांडायचे.

सगळीकडे शिक्के बसले आणि वाटलं, चला, संपलं. मग नारायण पेठेतून त्याच्या मित्राचा फोन आला. "ताई, त्याच्याबद्दल एक परवानगी हवी होती. फोनवर नाही सांगता येणार. रविवारी याल का?"

हे मित्र म्हणजे त्याच्या रविवारच्या खेळातले. टेबलाभोवती पाच जण बसायचे आणि फासे टाकायचे. आईने पहिल्यांदा ते फासे पाहिले तेव्हा तिला तो जुगारच वाटला आणि तिने त्याला चांगलंच फैलावर घेतलं. मग त्याने समजावून सांगितलं. एक जण गोष्ट चालवतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, कुणी योद्धा, कुणी जादूगार. समोर राक्षस आला की ज्याने त्याने सांगायचं मी काय करतो, आणि ते जमलं की फसलं हे फासे ठरवतात. जिंकणं नाही, हरणं नाही. एकच गोष्ट वर्षानुवर्षं चालते. आई म्हणाली, "म्हणजे भातुकलीच की." तो म्हणाला, "हो, पण नियम असलेली."

नारायण पेठेतलं घर लग्नपत्रिकांच्या दुकानाच्या वर होतं. दुकान मित्राच्या वडिलांचं, आणि वर हा गोष्ट चालवायचा. मी गेले तर चौघं शाळेत शिक्षा झाल्यासारखी बसलेली. चहा आला. कप रिकामे झाले. शेवटी मीच म्हटलं, "परवानगी कसली ते सांगा, मला परत विश्रांतवाडीला जायचंय."

"आमच्याकडे एक नियम आहे, ताई," फोन केलेला मित्र म्हणाला. "त्यानेच केलेला."

नियमाला कारण झालेली मुलगी समोरच होती. हिंजवडीत नोकरी करणारी, चष्मेवाली. या खेळातल्या जगाची जाडजूड पुस्तकं परदेशातून येतात. कुठलं राज्य कुठे, कुठला देव कधी मेला, सगळं त्यात असतं. मग कधीतरी नवी आवृत्ती निघते आणि कंपनी जाहीर करते की आधीचं अमुक तमुक आता धरायचं नाही. हिने हौसेनं नवं पुस्तक आणलं, तर त्यात यांचं लाडकं गाव शंभर वर्षांपूर्वीच जळून गेलेलं. ती म्हणाली, पुस्तकात आहे ते अधिकृत. माझा भाऊ उसळला. "ज्या गावात मी दोन वर्षं जेवलोय, ते माझ्या जन्माआधी जळालं कसं?" त्यावर महिनाभर भांडण चाललं. शेवटी त्याने ठरवून टाकलं, टेबलावर सगळ्यांच्या देखत जे बोललं गेलं, तेच घडलं. पुस्तकात काहीही असो. आणि जे टेबलावर बोललं गेलं नाही, ते घडलेलंच नाही.

आणखी एक रीत होती. एखादा रविवारी आला नाही, तर त्याचं पात्र मागे घोडे सांभाळत थांबलंय असं धरायचे. घोड्यांपाशी असलेल्याला कधी काही होत नाही. भाऊ डायलिसिसवर गेल्यापासून बरेच रविवार घोड्यांपाशीच होता. अंगात त्राणच उरायचं नाही त्याच्या.

"मग?" मी विचारलं.

"मग तो अजून तिथेच आहे, ताई."

तो खाली बघत सांगत राहिला. भाऊ गेल्यावरही त्यांनी खेळ थांबवला नव्हता. दर रविवारी सुरुवातीला हा म्हणायचा, तो घोड्यांपाशी, आणि पुढचं सुरू व्हायचं. आता गोष्टीत बर्फाचा डोंगर आला होता. घोडे पुढे जाणार नव्हते. म्हणजे मागे थांबलेल्याचं काय झालं ते टेबलावर बोलणं भाग होतं, आणि ते बोलायला कुणी तयार नव्हतं. कितीतरी रविवार नुसता चहा पिऊन सगळे घरी जात होते.

"पुस्तकात याला उत्तर नाही," चष्मेवाली म्हणाली. "मी सगळी शोधली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिशी उलटलेली, शिकलेली, पगार घेणारी माणसं! "तुम्ही स्मशानात होतात ना? खांदा दिलात ना त्याला?" मी म्हटलं. "मग मला काय विचारताय? मेला म्हणा आणि जा की पुढे!"

खाली दुकानात कुणीतरी पत्रिकेवरच्या गणपतीच्या रंगावरून हुज्जत घालत होतं.

"ताई," गोष्ट चालवणारा हळूच म्हणाला, "तुम्ही खेळणाऱ्या नाही, म्हणून हे धरत नाही. नाहीतर आत्ता झालंच असतं ते." मग त्याने भिंतीजवळची रिकामी खुर्ची टेबलाशी ओढली. "त्याच्या जागी बसून सांगा. तुमचा हक्क आहे. तुम्ही म्हणाल ते कायमचं."

जे वाक्य मी अख्ख्या पुण्याला ऐकवलं होतं, फोटोकॉपी जोडून ऐकवलं होतं, ते तिथे बसून बोलायची माझी छाती झाली नाही. तो मेला नव्हता असं म्हणणारी पुण्यातली ती एकच जागा होती. कळवते म्हणाले आणि निघाले.

घरी आई मेथी निवडत होती. मी सगळं थट्टेवारी सांगितलं, म्हणजे तिला हसू येईल. तिला आलं नाही.

"कुठे आहे म्हणाले?"

"घोड्यांपाशी."

"एकटाच?"

"आई, खोटी जागा आहे ती."

तिने जुडी निवडून संपवली. मग म्हणाली, "रविवारी मी येते तुझ्याबरोबर."

तो आठवडा मी भीतीत काढला. भाऊ गेल्यापासून आईने 'गेला' हा शब्द उच्चारलाच नव्हता. पुण्यानुमोदनाला ती ताठ बसली, वंदना म्हटली, आल्यागेल्याला जेवू घातलं. पुढेही त्याच्याबद्दल बोलायची ते 'तो नसताना' असंच, जणू कामाला गेलाय. ही पोरं तिच्या तोंडून तो शब्द वदवून घेतील याची मला भीती होती. आणि त्याहून मोठी भीती अशी, की ती म्हणेल त्याला राहू दे तसाच, आणि मग दर रविवारी विहारात नेसते ती पांढरी साडी नेसून त्याला भेटायला नारायण पेठेत जाईल. तिला थांबवायला मला कुठले शब्द सुचले असते?

जिना चढताना तिचे गुडघे बोलत होते. पोरं उभी राहिली. ती कुणाला न विचारता बरोबर त्याच खुर्चीवर बसली. गोष्ट चालवणाऱ्याने भावाचे फासे तिच्यासमोर ठेवले आणि सगळ्यांना विचारतो तसं तिलाही विचारलं. "काकू, तो घोड्यांपाशी आहे. पुढे बर्फाचा डोंगर आहे. बाकीचे निघालेत. तो काय करतो?"

"आधी मला सांग बाळा," आई म्हणाली, "तिथे पाणी आहे का?"

तो गडबडला. "आहे. नदी आहे, काकू. बर्फ वितळून येते."

"पिता येतं?"

"गोड आहे," चष्मेवाली म्हणाली. "पुस्तकातही गोडच आहे."

डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून द्यावं लागतं. ते शरीरातून बाहेर पडत नाही, छातीत साठतं. आमच्याकडे ते आई मोजायची. सकाळी एक बाटली भरायची आणि दिवसभराचं पाणी, चहा, आमटी, गोळ्यांचा घोट, सगळं त्यातूनच. मे महिन्यात तो चूळ भरायचा, पाणी तोंडात घोळवायचा आणि आईच्या डोळ्यांदेखत बेसिनमध्ये थुंकायचा, तिला खात्री पटावी म्हणून. पेपरात खडकवासल्याचा साठा वाचून दाखवायचा. "धरण भरलंय, आई. आता तरी एक पेला मंजूर कर." आम्ही हसायचो. आईही हसायची, आणि बाटलीचं झाकण लावायची.

"मग पिऊ दे त्याला," आई म्हणाली. "पोटभर. कुणी मोजायचं नाही."

गोष्ट चालवणाऱ्याने चष्मेवालीकडे, मग बाकीच्या दोघांकडे पाहिलं. "तो नदीवर जातो आणि पोटभर पाणी पितो," तो म्हणाला. एकेकाने "मान्य" म्हटलं. त्यांची तशी पद्धत असावी. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, पण मीही म्हटलं.

"आणि तुम्ही जा आता पुढे," आई म्हणाली. "त्याच्यासाठी अडून राहू नका. तो तिथेच राहील."

"कायमचा, काकू?"

"कायमचा." तिने फासे उचलले नाहीत, नुसते गोष्ट चालवणाऱ्याकडे सरकवले.

पुन्हा सगळ्यांनी मान्य म्हटलं. चष्मेवाली चष्मा काढून रडत होती आणि आई तिला म्हणाली, "अगं, चहा निवतोय तुझा."

परतताना आम्ही रिक्षा केली. संगमवाडीच्या पुलापर्यंत आई बाहेर बघत होती. मला हलकं वाटत होतं. खरं सांगायचं तर मला तिचा अभिमान वाटत होता, आणि मी तसं तिला सांगणारही होते.

"शेवटच्या दिवशी त्याने पाणी मागितलं होतं," ती म्हणाली. "तू औषधं आणायला गेली होतीस. बाटली संपली होती. मी नाही दिलं."

"डॉक्टरांनीच सांगितलं होतं ना, आई."

"हो. त्यांचं बरोबरच होतं." तिने पदर सारखा केला. "पण तो शेवटचा दिवस आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं गं."