दोन किलोवॅटचा सल्ला

सोलरवाला आमच्या नाशिक रोडच्या घरी गच्ची मोजायला येतोय, असा माझा भाबडा समज. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, वर्षभराची वीजबिलं मागितली आणि पत्रिका बघावी तसं प्रत्येक बिलावरून बोट फिरवत बसला. शेजाऱ्यांनी पाच किलोवॅट बसवलेत, म्हणजे आम्हाला सहा हवेत, हे शास्त्रशुद्ध गणित मी त्याला ऐकवलं.

"तुम्हा दोघांना दोन पुरेत, काका. फक्त मे महिन्याचं बिल फुगलंय. कोण येतं?"

"मुलगा, सून, नातवंडं. आठ दिवस."

"मग आठ दिवसांसाठी सगळी गच्ची कशाला भरता?"

गिऱ्हाइकाला कमी विकणारा असला माणूस धंद्यात काय टिकणार! मी सहाच बसवून घेतले. वीज भरपूर उरते. यंदा मे महिन्यातही इतर महिन्यांइतकीच उरली.