दगडाखालची हजेरी

मुलाणी सर ओढ्यावर गेले की पाण्याकडे बघतच नसत. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आत उतरायचे, एखादा दगड उचलायचे आणि त्याची खालची बाजू डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ न्याहाळायचे. मग तो दगड होता तसा, त्याच खळग्यात, त्याच कुशीवर ठेवायचे. एखाद्या विद्यार्थ्याने तो भिरकावला तर म्हणत, "कुणाच्या घराचं छप्पर काढलंस, ते बसवणार कोण? तुजा बाप?"

धाराशिवच्या आमच्या महाविद्यालयात ते प्राणिशास्त्र शिकवत, मी मराठी. दरवर्षी दिवाळीनंतर ते ईट गावाच्या बाजूच्या एका ओढ्याची तपासणी करत आणि मला सोबत नेत, कारण त्यांच्या विभागात कुणाला बूट भिजवायचे नसत. मच्छरदाणीच्या कापडाची जाळी, पांढरी परात आणि वही, एवढीच त्यांची सामग्री. परातीत पाणी ओतलं की बारीक जीव वळवळू लागत. तीन शेपट्यांची एक अळी पाणी जरा बिघडलं की सगळ्यांआधी मरते. तिला ते 'नाजूकबी' म्हणत. वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती घर बांधणारा किडा म्हणजे 'गवंडी'. कुठल्याही घाणीत सुखाने जगणाऱ्या लाल अळीला त्यांनी 'मेंबर' नाव दिलं होतं. ग्रामपंचायतीचा की विद्यापीठाचा, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

"बाटलीत भरून नेलेलं पाणी त्या दिवसापुरतं बोलतं," ते म्हणायचे. "हे किडे वर्षभराचं सांगतात. ह्यांची हजेरी घ्या. नाजूकबी गैरहजर आणि मेंबर जास्त झाले, की ओढा आजारी पडला समजा."

माणूस गोड नव्हता. भाषण सुरू झालं की उठून जायचे, आणि विद्यार्थ्याला 'ठीक' म्हणतानाही त्यांना कष्ट पडत. हा ओढा मात्र वर्षानुवर्षं त्यांच्या वहीत 'चांगला' होता. तसा दुसरा त्यांना जिल्ह्यात सापडला नव्हता.

मग सरकारची निर्मळ ओढ्यांची स्पर्धा निघाली. ह्या ओढ्याकाठच्या गावाने नाव दिलं आणि तपासणीचं काम आमच्या महाविद्यालयाकडे आलं. आदल्या आठवड्यात सरपंचाचा मला फोन आला. "सर, मुलाणी सायब काय बघत्यात वो?" मी तासाला निघालो होतो. "दगड उचलून किडे मोजतात," एवढं सांगून मी फोन ठेवला.

आम्ही गेलो तेव्हा काठावर रांगोळी होती आणि पाणी काचेसारखं. सरांनी एक दगड उचलला, दुसरा, दहावा. जाळी लावली. परातीत नुसतं पाणी. विहिरीत जंतुनाशक पावडर टाकल्यावर येतो तसा वास सगळीकडे होता.

"सर, एक किडा सापडला तर मिशी काढीन," सरपंच म्हणाले. "टीसीएल पावडरीची चार पोती वरच्या डोहात सोडली काल. मासळी मेली ती सकाळीच घमेल्यानं उचलली, तुमच्या नजरंला घाण नको म्हणून."

"किडे नकोत, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

सरपंचांनी कौतुकाने माझ्याकडे बोट केलं. "ह्या सरांनीच की. किडे मोजत्यात म्हणले."

परतताना एसटीत सरांनी वहीत त्या दिवसाची तारीख टाकली. मग म्हणाले, "वरच्या झऱ्यात थोडे उरले असतील. दोन-तीन पावसाळे कुणी हात लावला नाही तर परत येतील. पण ह्यांना बक्षीस मिळालं, तर पुढच्या साली गावोगाव पोती पडतील. मोजणीचा तक्ता मी देतो, त्यावरचं पत्र तुम्ही लिहा. तुम्ही मराठीचे. सरळ लिहा, ओढा मारलाय."

सरकारी पत्रात 'मारलाय' मला फार उघडं वाटलं. शिवाय सरपंचांचे पोहे पोटात होते. मी लिहिलं, 'तपासणीच्या वेळी ओढ्यात एकही कीटक आढळून आला नाही, ही बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.' प्राचार्यांनी सही केली. समितीने तक्ता उघडला नाही, पण पत्रातली बाब विशेष लक्षात घेतली. पहिला क्रमांक.

समारंभात निवेदकाने माझं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. त्या दिवशी सर उठून गेले नाहीत. शेजारून हळूच म्हणाले, "तुमचं मराठी लई स्वच्छ हाय, सर."

पुढे वही काखेत घेऊन स्पर्धेच्या कार्यालयात त्यांनी कितीतरी खेपा घातल्या. मीही खुलाशाचं पत्र दिलं, ह्या वेळी अगदी सरळ. "बक्षीस वाटून झालं," एवढंच उत्तर आम्हा दोघांना मिळालं. उन्हाळ्यात ते निवृत्त होऊन उमरग्याला मुलाकडे गेले आणि पावसाळा संपायच्या आत वारले. वही कुठे आहे, त्यांच्या घरच्यांनाही ठाऊक नाही.

परवा शेजारच्या गावच्या सरपंचाचा फोन आला. "मराठीचे सर का? मुलाणी सायब गेले म्हणं, वाईट झालं. मग औंदा तपासणीला तुमीच येणार व्हय? एक इचारायचं व्हतं. पैल्या नंबरवाल्यांनी किती पोती टाकली व्हती?"

"एकही टाकू नका," मी म्हणालो. "त्यानं ओढा मरतो. त्यांचा मेलाय."

पलीकडे ते समजूतदारपणे हसले.

"कळलं, सर. तेंचा नंबर हलू द्यायचा न्हाय तुमाला. असू द्या. आमी सहा टाकतो."