पंधराव्या मिनिटाला

“तू ट्रंकला हात लावू नको. तुझा हात लागला की लाइन तुटते.”

साहेब हे विक्री विभागाच्या बैठकीत बोलले. दहा-बारा माणसं बसलेली. मी दाराजवळ लॅपटॉप घेऊन उभा. कुणीतरी हसलं. मीही हसलो. ते माझं हसू मला अजून विसरता येत नाही.

जालना रोडवर यंत्रांचे सुटे भाग विकणारी आमची कंपनी. फोन आणि नेटवर्क माझ्याकडं. बाहेरचे सगळे फोन ज्या एका जोडणीतून ऑफिसात येतात, तिला आम्ही ट्रंक म्हणतो. आठ दिवसांपासून बोलता बोलता फोन तुटत होते. ग्राहक ऑर्डर सांगायचा आणि अर्ध्यातच गायब व्हायचा.

बैठक संपल्यावर साहेबांनी केबिनमध्ये एक कागद पुढं केला. मजकूर आधीच छापलेला होता. नेटवर्क सहायकाच्या हाताळणीतील चुकीमुळे कॉल खंडित झाले. खाली सहीची जागा, तिथं माझं नाव.

“सही कर, विषय मिटव. तुला इथं मीच घेतलं ना?”

व्हय, त्यांनीच घेतलं होतं. करमाडच्या पुढचं आमचं गाव, त्यातला बौद्धवाडा, आणि घरातला पहिला पदवीधर मी. रुजू झालो त्या दिवशी मी साहेबांच्या पाया पडायला वाकलो, तर ते दोन पावलं मागं सरकले. मला वाटलं, मोठा माणूस आहे, संकोचला असेल. तीन वर्षं मी तसंच समजत राहिलो. त्यांच्याविषयी घरी कुणाला वावगं बोलू दिलं नाही.

उद्यापर्यंत वेळ द्या, एवढंच बोलून मी बाहेर आलो. कानात एकच शब्द होता. हात.

मी दुसरीत असेन. गावात फोन एकाच किराणा दुकानात होता. आत्या शहरातल्या दवाखान्यात होती आणि तिचा निरोप येणार होता. बा मला घेऊन दुकानापुढं उभा राहिला. रिंग वाजली. दुकानदारानं रिसीव्हर उचलला, हात लांब करून फळीच्या कडेला धरला आणि बाला म्हणाला, “हात लावू नको. तिथूनच बोल.” बा पायरीखालून ओरडून बोलायला लागला. पलीकडचं त्याला काही ऐकू येईना. शेवटी दुकानदारानं स्वतः कानाला लावून ऐकलं आणि सांगितलं, तुझी बहीण गेली म्हणतेत. मग रिसीव्हर फडक्यानं पुसून ठेवला.

बहीण गेल्याचं बानं असं ऐकलं. मला तेव्हा वाटायचं, फोनवर असंच लांबून ओरडून बोलतात. बा आजही मोबाइल तोंडापासून वीतभर लांब धरतो.

त्या दिवशी खुर्चीत बसून मी तुटलेल्या फोनांची यादी काढली. एकेक कॉल पाहिला. सगळे बरोबर पंधराव्या मिनिटाला तुटले होते. चौदाव्याला नाही, सोळाव्याला नाही. माझा हात लागून तुटले असते तर कधीही तुटले असते.

पंधरा मिनिटं झाली की फोन कंपनीची यंत्रणा आमच्या ऑफिसातल्या यंत्रणेला विचारते, आहात का? इकडून उत्तर जावं लागतं. गेलं नाही, तर पलीकडं कुणी नाही असं समजून ती फोन तोडते. आमच्याकडं दोन राउटर. एक फोनसाठी, दुसरा नुसत्या इंटरनेटसाठी. दुसरा हा प्रश्न मधेच गिळतो, हे मला माहीत होतं. म्हणून मीच दोन्ही वेगळे ठेवले होते. मागच्या खोलीत राउटर ठेवलेले होते, तिथं जाऊन पाहिलं. फोनची तार दुसऱ्या राउटरला लावलेली होती. तारेवर अजून हळदीकुंकू होतं.

आठ दिवसांपूर्वी, खंडेनवमीला, यंत्रांची पूजा झाली होती. त्या सकाळी साहेब मला म्हणाले होते, तू खाली बस, गेटजवळचा फोन सांभाळ. मला तो विश्वास वाटला होता. प्रसाद कागदाच्या पुडीत खाली आला. मी आनंदानं खाल्ला.

फोन जोडून देणाऱ्या वंदनाताई पूजेला होत्या. मी विचारलं. त्यांनी आधी दार लोटलं.

“फुलं ठेवायला जागा नव्हती रे. साहेबांनीच तार काढली, त्यांनीच लावली. पण माझं नाव नको घेऊ, भाऊ.”

मी तार जागेवर लावली. माझ्या हातानं. आता एक फोन पंधरा मिनिटांच्या पुढं चालवून बघायचा होता. दुपारच्या वेळी एवढं बोलायला कोण मोकळं असणार? ऑफिसच्या फोनवरून मी बाला लावला. आमचे फोन तुटतात हे त्याला ठाऊक होतं.

बा ओरडूनच बोलला. शेळी व्याली. अंगणवाडीचं छत गळतंय. तू जेवलास का? मी घड्याळ बघत होतो. चौदा. पंधरा. सोळा.

“आरं, लई वेळ बोलतोयस. आज तुटत नाय का?”

“नाय तुटत, बा.”

“मग साहेब खूश असतील.”

बा हॅलो, हॅलो करत राहिला. लाइन चालू होती. गप्प मी होतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या कागदाऐवजी मी माझा कागद ठेवला. पूजेसाठी साहेबांनी फोनची तार काढली. परत लावताना ती दुसऱ्या राउटरला लावली. दुरुस्ती मी केली. खाली सही. वंदनाताईंचं नाव घातलं नाही.

साहेबांनी वाचलं. “तार कुणी काढली ते खोड. पूजा हा शब्दही खोड. नाहीतर दुसरीकडं बघ.”

“दोन्ही तशीच राहतील, साहेब.”

महिनाभरात मला काढलं. निरोप द्यायला कुणी दारापर्यंत आलं नाही. वंदनाताई मान खाली घालून फोन जोडत राहिल्या.

बा विचारतो, एका सहीनं काय झालं असतं? साहेब माझ्या हाताबद्दल काय बोलले, ते त्याला मी सांगितलेलं नाही. त्याची फोन लांब धरायची सवय आता जाणार नाही. ती त्याला कुणी लावली, ते मी लिहिणार आहे. यापुढं नोकरी मागीन, पण पाया पडणार नाही. आणि दुसऱ्याच्या चुकीखाली हा हात सही करणार नाही.