कानावरचा खडू

जालन्याच्या एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यात लाइट जाऊन आली आणि कॉम्प्युटरमधल्या फायली खराब झाल्या. मी तिथला संगणकतज्ज्ञ, म्हणजे 'बंद करून परत चालू करा' एवढंच ठामपणे सांगू शकणारा माणूस.

समोर एक मामा यंत्रानं कोठ्या भरत होते. कोणतं वाण कोणत्या कोठीत चाललंय, ते कानावरचा खडू काढून आधी भिंतीवर लिहायचे. कोठी भरल्यावरच त्यावर रेघ मारायचे.

"आधीच कशाला लिहिता, मामा?"

"मधीच लाइट गेली, तं रेघ न्हाई ते काम अर्धं राह्यलं, हे बराबर कळतं. न्हाई तं वाणं एकमेकांत जातेत. तुमच्या मशीनीत असं काही न्हाई का?"

"होतं. पण दरवेळी आधी नोंद करण्यात वेळ जातो. मशीन जल्दी चालावी म्हणून मीच बंद केलं."

मामा हसले नाहीत. त्यांनी खडू मोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला.