फनीमॅन: जोडून की तोडून?

बाबनराव पराते गोळीबार चौकात राहतात. वडील हातमागावर लुगडी विणायचे. बाबनराव मौद्याकडच्या एका खाजगी कारखान्यात स्टोअरकीपर झाले. अंगात एक कला होती, नकला करायची. लग्नात, गणपतीत, कारखान्याच्या स्नेहसंमेलनात त्यांना माईक दिल्याशिवाय कोणी राहत नसे. सव्वीस वर्षं हे चाललं होतं आणि कधी काही बिघडलं नव्हतं.

यंदाच्या संमेलनात त्यांनी नव्या मॅनेजरांची नक्कल केली. सुमंत चिटणीस साहेब पुण्याहून येऊन चारच महिने झाले होते. बोलता बोलता ते थांबत, चष्मा काढून रुमालाने पुसत, छताकडे बघत आणि मग एकदम झटक्यात पुढचं वाक्य टाकत. बाबनरावांनी तो चष्मा, तो रुमाल, ते छत असं काही हुबेहूब उभं केलं, की मंडप लोटपोट झाला. पहिल्या रांगेत बसलेले साहेब मात्र हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ऑफिसातले गोपाळराव स्टोअरमध्ये आले. आवाज खाली करून म्हणाले, "बाबनराव, साहेबाचा ईमेल आहे. स्टोअर्समधल्या फनी मॅनले सोमवारी अकराला केबिनमध्ये पाठवा म्हणते."

"मंग? फनी म्हणजे गमत्या ना गा?"

"तसा सिनेमात. ऑफिसात फनी म्हणजे गडबड. मागच्या ऑडिटवाल्यानं एका सुपरवायझरबद्दल 'समथिंग फनी' लिहिलं होतं, तं त्याचं काय झालं, माहीत आहे ना?"

माहीत होतं. तो सुपरवायझर पंधरा दिवसांत घरी बसला होता.

शनिवारी बाबनरावांनी स्टोअरची सगळी रॅकं एकट्याने तपासली. एक बेअरिंगही कमी नव्हतं. तरी कुलूप लावल्यावर त्यांनी ते दोनदा ओढून पाहिलं. आपण काय केलं हेच ठाऊक नसल्यावर माणूस सांभाळणार तरी काय?

रविवारी ताट तसंच राहिलं. मैनाबाई म्हणाल्या, "काहून जेवून नाही राहिले तुमी?" तेव्हा कुठे त्यांनी सांगितलं. मुलगी प्रियदर्शनी शाळेत इंग्रजी शिकवते. ती जवळ येऊन बसली.

"बाबा, तो शब्द जोडून होता की तोडून?"

"म्हणजे?"

"फनीमॅन असा एकच शब्द असला, तर विनोदी कलाकार. पेपरवाले लिहितात तसं. जरा सैल, बोलाचालीतला शब्द आहे, अर्जात कोणी लिहीत नाही. पण फनी वेगळा आणि मॅन वेगळा असला, तर गमतीदार माणूस, नाहीतर विचित्र माणूस. संशय यावा असा."

"म्हणजे मधल्या एका जागेवर माही नोकरी आहे?"

त्यांनी लगेच गोपाळरावांना फोन लावला. गोपाळराव भिवापूरला लग्नात होते, मागे बँड वाजत होता. "आता मले कसं आठवंल गा? वाचला अन् बंद केला!"

सोमवारी अकराला बाबनराव केबिनमध्ये शिरले. साहेबांनी स्वतः उठून दार लावलं.

"ती नक्कल पुन्हा करा."

"साहेब, चूक झाली. मले माफ करा."

"आधी दाखवा."

बाबनरावांनी आपला चष्मा काढला. रुमाल सापडेना, म्हणून शर्टाच्या टोकाने काच पुसली. छताकडे पाहिलं. पण घशातून शब्दच निघेना. ते तसेच उभे राहिले, डोळ्यांत पाणी आलं.

साहेब हलकेच म्हणाले, "असंच होतं मला. अगदी असंच."

बाबनरावांना कळेना.

"मी तोतरा आहे, पराते. क… क… 'क'वर अडतो. लहानपणी वर्ग हसायचा. चष्मा पुसायला लागलो की तेवढ्यात शब्द सुटतो. तुमची नक्कल बघून वाटलं, या माणसाला कळलंय, आता सगळ्यांना कळणार. तीन दिवस घास गिळला नाही मी. खरं सांगा, तुम्हाला माहीत होतं?"

"देवाची शपथ, नाही! मले वाटलं, मोठ्या साहेबाची बोलायची ऐट आहे."

साहेबांनी खुर्चीत अंग टाकलं. "ऐट," ते म्हणाले आणि कितीतरी वेळ हसत राहिले. मग विचारलं, "फनीमॅन लिहिलं म्हणून राग नाही ना आला? आमच्या कॉलेजात स्टेज गाजवणाऱ्याला तसंच म्हणायचे. तुमचं नाव तेव्हा ठाऊक नव्हतं."

बाबनराव बाहेर आले. नोकरी शाबूत होती. पण सव्वीस वर्षांत आपण किती जणांच्या अशा दुखऱ्या जागांवर बोट ठेवलं असेल, या विचाराने त्यांना जिन्यात गाठलं. गोपाळरावांनी अडवलं तर म्हणाले, "काई नाही गा, कार्यक्रम आवडला म्हणे."

कारखान्याच्या गणपतीत पोरांनी चष्म्याच्या नकलेसाठी ओरडा केला. बाबनरावांनी मान हलवली आणि माईक खाली ठेवला. साहेबाने दम दिला असणार, असं लोक आपसात बोलू लागले. त्यांनी ते बोलू दिलं.