जावईबापूंचा मान

कोथरूडमध्ये वर्षानुवर्षं पोळी-भाजी केंद्र चालवलेली बाई दारातल्या माणसाला उपाशी ठेवेल का, सांगा बघू. दमयंतीबाईंच्या हातचं खाऊन किती बॅचलर पोरं मार्गी लागली, त्यांना टकलं पडली, तरी ती दिवाळीला न चुकता फोन करायची. अशा बाईच्या नशिबी जावई आला तो असा, की सासू स्वयंपाकघरात आली रे आली, की हा मागच्या दाराने बाहेर!

बरं, जावई आपल्यातला नव्हेच. मुलगी वल्लरी फार्मसी शिकायला अमेरिकेत न्यू मेक्सिकोला गेली आणि तिथल्या मूळ रहिवाशांपैकी एका अपाची माणसाशी लग्न करून मोकळी झाली. पुढे दोघं न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला आली. वल्लरी न्यू लिनच्या एका औषधाच्या दुकानात लागली, तो झाडं छाटणाऱ्या कंपनीत. हेन्डरसनला घर घेतलं, आणि वडील गेल्यावर वल्लरीने आईला कायमचं इकडे बोलावून घेतलं. विमानतळावर ती एकटीच आली होती.

"आणि जावईबापू?"

"घरी गेल्यावर बोलू गं," वल्लरी म्हणाली, आणि बोललीच नाही. तिला वाटलं, आईला हळूहळू कळेल. आईला काय कळणार, कपाळ? दमयंतीबाईंना दिसत होती ती फक्त जावयाची पाठ. त्यांनी शिरा केला, जावई गॅरेजमध्ये. साबुदाण्याची खिचडी केली, जावई अंगणात. अंगाचा नुसता तिळपापड! आमच्याकडे जावयाला पाटावर बसवून आग्रहाने वाढतात, आणि हे ध्यान तोंडसुद्धा दाखवत नाही. शेवटी एका सकाळी त्या बशी घेऊन पॅसेजमध्ये मुद्दाम आडव्या उभ्या राहिल्या. जावई बाथरूममधून बाहेर आला, त्याने त्यांना पाहिलं, झटकन टॉवेलने तोंड झाकलं आणि भिंतीकडे वळला. तसाच चाचपडत बाहेर गेला आणि त्या रात्री घरी आलाच नाही. ऐन थंडीत ट्रकमध्ये झोपला.

"आई, हे काय केलंस?" वल्लरी रडायचीच बाकी होती. मग तिने सगळं सांगितलं. जिने आपल्याला मुलगी दिली, तिच्याकडे मान वर करून बघायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, तिच्याबरोबर एका खोलीत थांबायचं नाही. अपाची माणसाने सासूला द्यायचा याहून मोठा मान नाही. आता तिकडची तरुण मुलं फारशी पाळत नाहीत, पण ह्याला आजीने वाढवलेला. ह्याच्या पणजोबांच्या काळात अमेरिकेच्या सैन्याने सगळ्या टोळीला आगगाडीत कोंबून फ्लोरिडाला नेलं, युद्धकैदी म्हणून. बायका, तान्ही मुलं, सगळी. ज्यांनी सैन्यासाठी वाटाड्याचं काम केलं होतं, त्यांनाही सोडलं नाही. कैदेत जन्मलेली पोरंही कैदीच. सत्तावीस वर्षं! पोरांना लांबच्या शाळेत धाडलं, केस कापले, भाषा तोंडातून निघाली की शिक्षा, आणि कितीतरी पोरं तिथेच खोकून खोकून मेली.

"त्याची आजी म्हणायची," वल्लरी म्हणाली, "घोडे नेले, डोंगर नेले, केस नेले. सासूचा मान तेवढा कुणाच्या डोळ्यांवर आला नाही, म्हणून राहिला."

लाज वाटली हो दमयंतीबाईंना, खरोखरची लाज. त्यांची स्वतःची आजी सासऱ्यांसमोर कधी उभी राहिली नव्हती. म्हणजे हे काही आकाशातून पडलेलं नव्हतं. "मला आधी सांगायला काय धाड भरली होती?" त्या लेकीवर ओरडल्या, आणि त्याच दमात म्हणाल्या, "ते पाळतात ना? मग मीही पाळीन. माझ्याकडून आता चूक व्हायची नाही."

आणि झाली नाही. घराला एक शिस्त लागली. स्वयंपाकघरात जो असेल त्याने दार लावून घ्यायचं, दार लागलेलं दिसलं की दुसऱ्याने थांबायचं. दमयंतीबाई डबा भरून ओट्यावर ठेवायच्या आणि आपल्या खोलीत जायच्या. संध्याकाळी डबा धुतलेला, आणि त्यात कधी फिजोआची फळं, कधी कोवळी मेथी. ती मेथीसुद्धा जावईबापूंनीच मागच्या अंगणात लावलेली. त्यांच्या खोलीतला हीटर कुरकुरला, तर त्या देवळातून परत येईपर्यंत दुरुस्त. असा सहा वर्षांचा संसार झाला सासू-जावयाचा, एक शब्द न बोलता. पापाटोएटोच्या दुकानात भेटणाऱ्या बायका म्हणायच्या, "अहो, हे कसलं विचित्र?" तर दमयंतीबाई ताठ मानेने म्हणायच्या, "तुमचे जावई सोफ्यावर तंगड्या पसरून चहा मागतात. माझ्या जावयाइतका मान मला पोटच्या पोरीनेही दिला नाही." माया होती हो ती, दुसरं काय.

त्या वर्षी पुन्हा अधिक महिना आला. आपल्याकडे अधिक महिन्यात जावयाला अनारशांचं वाण देतात. दमयंतीबाईंनी तांदूळ भिजवण्यापासून सगळं साग्रसंगीत मांडलं.

"आई, त्याला आता डायबेटिस आहे. इन्सुलिन घेतो तो."

"एका अनारशाने काय होतंय? वाणाला नाही म्हणू नये."

शनिवार होता. वल्लरी दुकानात गेलेली. दमयंतीबाई दार लावून तळायला बसल्या. अनारसा हा मुलखाचा हट्टी पदार्थ, तुपात पडला की हसतो, विरघळतो. पहिला घाणा बिघडला, दुसराही. जेवणाची वेळ होऊन गेली तरी त्यांचं चालूच. जावयाला फुटका अनारसा कसा द्यायचा? शेवटी एकदाचे जमले. ताट झाकून त्या आपल्या खोलीत गेल्या. लगेच जावईबापूंची पावलं वाजली, दार लागलं.

मग स्टूल पडल्याचा आवाज झाला, आणि त्यापाठोपाठ काहीतरी जड.

दमयंतीबाई उठून दारापाशी आल्या. आत कुणीतरी बरळल्यासारखं करत होतं, फरशीवर काहीतरी घासत होतं. त्यांनी वल्लरीला फोन लावला. तिचा फोन कामावर लॉकरमध्ये असतो. तातडीच्या मदतीच्या नंबरला, एकशे अकराला लावावा, तर सांगायचं काय? जावयाने स्टूल पाडलं? हात दारापर्यंत गेला, आणि तो टॉवेलखाली झाकलेला चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर आला. काहीतरी सांडलं असेल, पुसत असतील. आपण धाडकन आत शिरायचं आणि सहा वर्षांचं सगळं मातीत घालायचं? बाहेर येतीलच की. त्या दारासमोर जमिनीवर बसून राहिल्या. थोड्या वेळाने आवाज थांबला. हुश्श, असं त्यांना वाटलं. वाटलं हो, खोटं कशाला सांगू.

वल्लरी आली तेव्हा अंधार पडला होता. आई दाराशी बसलेली पाहून तिने बॅग टाकली आणि दार ढकललं.

इंजेक्शनचं पेन गॅरेजमध्ये सापडलं. जेवायच्या वेळेला जावईबापूंनी इन्सुलिन टोचून घेतलं होतं आणि सासूबाईंचं आवरायची वाट बघत थांबले होते. हाक मारायची सोय नव्हती. डॉक्टर म्हणाले, रक्तातली साखर पार खाली गेली. वेळेवर चमचाभर साखर तोंडात गेली असती, तर कदाचित.

न्यू मेक्सिकोतल्या मेस्कालेरोहून जावईबापूंचा भाऊ आला आणि त्यांच्या रीतीने सगळं झालं. गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, वस्तू ठेवायच्या नाहीत. खरं तर जाळतात, पण इथे अंगणात जाळायला परवानगी नाही, म्हणून वल्लरीने कपडे, बूट, हेल्मेट काळ्या पिशव्यांत भरून टिपवर, म्हणजे कचरा डेपोत, नेऊन टाकले. फोटो नाही, हार नाही. आपल्याकडे तेरा दिवस माणसं येऊन बसतात, गेलेल्याबद्दल बोलतात, रडतात, कुणीतरी म्हणतं, तुमचा काय दोष. इथे कुणी काही म्हणेना. दमयंतीबाई मनातल्या मनात दार उघडायच्या आणि साखरेचा डबा घेऊन धावायच्या, रोज.

एका दुपारी वल्लरी स्वयंपाकघराची फरशी पुसत होती. खाली बघतच तिने विचारलं.

"आवाज आला होता?"

"आला होता."

"मग?"

"दार लागलेलं होतं गं."

वल्लरीने फडकं पिळलं. "दाराला कडी नाहीये, आई."

"माहितीये," दमयंतीबाई म्हणाल्या. "माहितीये मला."